निळी इमारत, जकात आणि बाबांच्या सात बिलांची गोष्ट

नागपूरच्या माणसाला समुद्राबद्दल दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एक, तो आपल्यापासून फार लांब आहे. दोन, तिकडे गेलं की घाम येतो, आणि तो घाम वाळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, पण ते कसं कोरडं, सुटसुटीत. झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या गावाला किनाऱ्याचं काय कौतुक असणार!

पण मंडळी, एक गंमत सांगतो. नागपुरात बंदर आहे. खोटं नाही सांगत. 'इनलँड कंटेनर डेपो' असं त्याचं भारदस्त नाव, आणि लोक त्याला ड्राय पोर्ट म्हणतात. तिथे कंटेनर येतात, कस्टम्सवाले कागद बघतात, माल तपासतात, सील ठोकतात, आणि मग ते डबे रेल्वेनं न्हावाशेव्याकडे जातात. म्हणजे पाणी सोडून बंदराला जे जे लागतं ते सगळं आहे. हे मला कळलं तेव्हा वाटलं, की बंदराचा खरा अवयव धक्का नाहीच, ती खिडकी आहे. जिथे कुणीतरी बसलेलं असतं आणि विचारतं, "काय आणलं? किती आणलं? कुणाचं?"

ही खिडकी गेली काही शतकं कशी चालली याचं एक अख्खं म्युझियम पणजीत आहे. मांडवीच्या काठी, रस्त्याला लागूनच, एक निळी दुमजली इमारत. गोव्याला दहा वेळा जाऊन आलेल्या माझ्या टीममधल्या एकाही पोराला ती माहीत नव्हती. (त्यांना गोव्यातलं बाकी सगळं माहीत आहे. असो.)

पोर्तुगीज काळात या इमारतीला 'आल्फांदेगा' म्हणायचे. म्हणजे कस्टम हाऊस. चारशेहून जास्त वर्षं ती याच जागी उभी आहे असं सांगतात. २००९ साली तिथे कस्टम्स आणि सेंट्रल एक्साइजचं म्युझियम सुरू झालं, आणि ११ जून २०२२ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ते नव्या रूपात देशाला अर्पण केलं. आता नाव आहे 'धरोहर', म्हणजे कस्टम्स आणि जीएसटीचं राष्ट्रीय संग्रहालय.

आता जीएसटीचं संग्रहालय बघायला सुट्टीच्या दिवशी कोण जातं? तर मी जातो. कारण माझं पोट त्यावर चालतं. मी ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही मोठ्या कंपन्यांसाठी बिलं जुळवण्याचं सॉफ्टवेअर बनवतो. फार ग्लॅमरस नाही. डावीकडे एक यादी, उजवीकडे एक यादी. दोन्हीकडे तेच बिल, तीच तारीख, तीच रक्कम असेल तर ओळ हिरवी. नसेल तर लाल. इंजिनिअरिंगची चार वर्षं, त्यानंतर सहा वर्षांचा एक्सपिरिअन्स, आणि शेवटी काम काय, तर "जोड्या लावा". शाळेत पाच मार्कांना असायचं ते :-)

आणि दुसरं कारण म्हणजे बाबा. बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशी हा त्यांचा वर्ल्ड कप. दिवाळी आटोपली की चार दिवस शटर खाली, हा त्यांचा जुना नियम. २०२५ च्या दिवाळीनंतर मी आई-बाबांना घेऊन गोव्याला गेलो. आईला मंगेशीला जायचं होतं, बाबांना कुठेच जायचं नव्हतं, आणि मला निळी इमारत बघायची होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आई म्हणाली, "तुम्ही बापलेक जा, मी इथं नदीकाठी बसते, मला म्युझियमात पाय दुखतात." आम्ही दोघं आत गेलो.

आत जाण्याआधी थोडं शब्दांविषयी, कारण मला यात फार मजा येते. आल्फांदेगा हा शब्द मूळचा अरबी. 'अल-फुंदुक', म्हणजे व्यापारी मुक्कामाला उतरतात ती सराय. माल घेऊन माणूस जिथे उतरला तिथेच त्याला करवाल्यानं गाठलं, आणि सरायचंच कस्टम हाऊस झालं. आपली 'जकात' पण अरबीच, मूळ अर्थ धर्मानं सांगितलेलं दान. आणि ज्याला आपण टॅरिफ म्हणतो तो अरबी 'तारीफ'चा फिरून फिरून युरोपातून आलेला भाऊ. मूळ अर्थ 'माहिती देणे, ओळख करून देणे'. म्हणजे कुणी तुमची तारीफ करतो तेव्हा आणि कुणी तुमच्या मालावर टॅरिफ लावतो तेव्हा शब्द एकच वापरला जातो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तारीफ फुकट असते बेटा."

तर, म्युझियम. आठ दालनं आहेत. ओळखीचं दालन, करांच्या इतिहासाचं, आर्थिक सीमांच्या राखणदारांचं, कला-वारशाच्या राखणदारांचं, वन्यजीवांचं, समाजस्वास्थ्याचं, मग 'मिठावरच्या करापासून जीएसटीपर्यंत' असा प्रवास सांगणारं एक, आणि शेवटी जीएसटीचं. या जीएसटीच्या दालनासारखं दुसरं देशात नाही म्हणे. मी म्हटलं, असणार कशाला!

सगळ्यात जास्त वेळ मी 'ऐन-इ-अकबरी'च्या हस्तलिखितासमोर उभा होतो. अबुल फजलनं अकबराच्या कारभाराचा जो ग्रंथ लिहिला, ज्यात कोणत्या पिकावर किती सारा, कोणत्या सुभ्याचं उत्पन्न किती असे आकडेच्या आकडे आहेत, त्याची ही हस्तलिखित प्रत. ती इथे कशी आली? तर बिहारमध्ये रक्सौलला, नेपाळच्या सीमेवर, कस्टम्सच्या लोकांनी देशाबाहेर जाता जाता पकडली. म्हणजे करांचा हिशोब सांगणारं पुस्तकच चोरून करवाल्यांच्या नाक्यावरून चाललं होतं. असा योगायोग एखाद्या सिनेमात टाकला तर आपण म्हणू, "काहीही हं!"

जप्त केलेल्या दगडी आणि धातूच्या मूर्ती आहेत, हस्तिदंताच्या वस्तू आहेत, मध्ययुगीन खगोलयंत्रं आहेत, कुरुक्षेत्राजवळच्या अमीन गावच्या स्तंभांच्या प्रतिकृती आहेत. बाबा मूर्तींसमोर हात जोडत होते आणि लगेच हाताशी काय धातू असेल, वजन किती भरेल याचा अंदाज लावत होते. भांडेवाल्याचा डोळा. "पंचधातू," एकीकडे बोट दाखवून म्हणाले. "वजनदार आहे. खरा माल."

सोन्याच्या तस्करीचा विषय निघालाच. आमच्या पिढीला वाटतं, तस्करी म्हणजे जुन्या सिनेमातला व्हिलन, पांढरे बूट, रात्री लाँच. पण त्यामागे कायदा होता. १९६२ च्या युद्धानंतर मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १९६३ मध्ये १४ कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी घातली, १९६८ ला वेगळा कायदाच झाला, आणि तो रद्द झाला थेट १९९० मध्ये. लोकांची सोन्याची हौस कायद्यानं कमी झाली नाही, ती फक्त चोरवाटेनं जायला लागली. आणि मधल्या मध्ये कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले. बाबांनी आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली. आमच्या घरासमोरच्या सोनारानं त्या काळात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. "बारीक काम करणारा माणूस," बाबा म्हणाले, "पंक्चर पण असा काढायचा की पाहतच राहावं."

पण मला खरं थांबवलं ते मिठानं.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. मुंबई आणि मद्रास इलाख्यात कमी, बंगालकडे आणि उत्तरेत जास्त. आता एखाद्या वस्तूचा भाव नदीच्या अल्याड एक आणि पल्याड दुसरा असेल तर माणूस काय करतो? पोतं उचलतो आणि रात्री नदी ओलांडतो. ते थांबवायला इंग्रजांनी देशाच्या मधोमध कस्टम्सची एक रेषा आखली. १८६९ च्या सुमाराला ती सिंधू नदीपासून सुरू होऊन दिल्ली-आग्र्यावरून खाली, बऱ्हाणपूरमार्गे, मध्य प्रांतातून थेट महानदीपर्यंत जात होती. लांबी २,३०० मैल. पहाऱ्याला जवळजवळ १२,००० माणसं. आणि त्यातल्या शेकडो मैलांवर भिंत नव्हती, कुंपण होतं. जिवंत, काटेरी. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जे त्या मातीत जगेल ते. काही ठिकाणी बारा फूट उंच. त्या खात्याचा एक कमिशनर होता ॲलन ह्यूम. तोच, ज्यानं पुढे १८८५ मध्ये काँग्रेस काढायला पुढाकार घेतला.

विचार करा, मंडळी. एका देशाच्या आत एवढं मोठं कुंपण, चिमूटभर मिठासाठी. १८७९ मध्ये कराचे दर बरेचसे सारखे केल्यावर ते मोडीत काढलं, आणि लोक ते इतके विसरले की रॉय मॉक्सहॅम नावाच्या एका इंग्रज माणसानं विसाव्या शतकाच्या शेवटी येऊन ते शोधलं आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

गोव्याचंही यात नुकसान झालंच. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला. दोन्हीकडची जकात उठली, मुरगाव बंदर आणि रेल्वेला वाट मिळाली, पण गोव्यातल्या मिठावर ताबा इंग्रजांचा. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. १८९२ मध्ये तो करार संपला. तोपर्यंत मिठागरावर जगणाऱ्यांचं काय झालं असेल, ते या दोन सरकारांच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

आणि आमचा विदर्भ? १९३० मध्ये गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले तेव्हा आमच्याकडे समुद्रच नव्हता. तर अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला लोकांनी खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी काढून मीठ केलं. ज्या पाण्याला आम्ही पिढ्यानपिढ्या शिव्या देतो तेच कामाला आलं. आणि १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अण्यांनी जंगलात शिरून गवत कापलं. मिठाचा कायदा नाही मोडता येत ना, मग जंगलाचा मोडू. वैदर्भीय जुगाड, दुसरं काय! मिठावरचा कर शेवटी गेला १९४७ मध्ये.

हे सगळं मी बाबांना उत्साहानं सांगत होतो. (मी म्युझियममध्ये असह्य होतो असं आईचं मत आहे.) बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या वेळेचा जकात नाका आठवते का तुले?"

आठवतो. महाराष्ट्रातल्या शहरांच्या वेशीवर ते नाके असायचे. नागपुरातली जकात १ एप्रिल २०१३ ला गेली आणि तिच्या जागी एलबीटी आला, तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी बाबांचा टेम्पो रात्री नाक्यावर उभा असला की ते मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. ट्रकांची रांग, डिझेलचा वास, कंदिलासारखा पिवळा बल्ब, आणि खिडकीत एक माणूस पावती फाडतोय. एक पोतं उघडायचं, गंज-पातेली मोजायची, आकडा लिहायचा. मला ती मोठी साहसकथा वाटायची.

"वेळ जायचा खूप," बाबा म्हणाले. "पण खिडकीत माणूस होता. त्याले सांगता यायचं, की बाबा, एक बंडल मागच्या गाडीत राहिलं, उद्या येते. तो ऐकायचा, नाहीतर भांडायचा. आता कोणाशी भांडू?"

इथे मला गोष्टीतली खरी गोष्ट सांगावी लागेल.

बाबा भंडाऱ्याच्या एका कारागिराकडून पितळेची भांडी घेतात. भंडारा पितळेसाठीच ओळखलं जातं. हे काका बाबांना २६ वर्षं माल देतायत. माझ्या मुंजीत मोठं पातेलं त्यांनीच दिलं होतं, अजून घरी आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून चार महिने काकू फार आजारी होत्या. नागपूर-भंडारा फेऱ्या, दवाखाना, औषधं. त्या काळात काकांनी माल दिला, बिलं दिली, बाबांनी बिलाचे पैसे करासकट चुकते केले. पण काकांचं रिटर्न भरणाऱ्यानं चारही महिने 'निल' भरून टाकलं. विक्री शून्य. सात बिलं कुठेच दाखवली गेली नाहीत. आणि कराचे पैसे? ते दवाखान्यात गेले.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानदार माल घेताना कर देतो, विकताना गिऱ्हाइकाकडून कर घेतो, आणि सरकारला फक्त फरक भरतो. आधी दिलेल्या कराची ही वजावट म्हणजे इनपुट क्रेडिट. पूर्वी तुमच्याकडे बिल असलं की बरंच भागायचं. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा, की विकणाऱ्यानं ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं असेल तरच तुम्हाला वजावट. तो ११ तारखेपर्यंत त्याची यादी भरतो, १४ तारखेला तुमच्या खात्यात 'टू-बी' नावाची यादी तयार होते, आणि २० तारखेपर्यंत तुम्ही तुमचं रिटर्न भरता. यादीत बिल नाही, तर वजावट नाही. तुम्ही पैसे खरोखर दिले होते, माल खरोखर आला होता, भांडी धनत्रयोदशीला विकून लोकांच्या घरात वाजतायत, तरीही नाही.

नियम उगाच आलेला नाही, हे मी कामामुळे जाणतो. नुसती कागदावर कंपनी काढायची, न विकलेल्या मालाची बिलं फाडायची आणि वजावट उचलायची, असे धंदे मोठ्या प्रमाणावर झाले. ते अडवायला दोन्ही याद्या जुळवणं हाच उपाय आहे. २०१७ च्या १ जुलैला १७ कर आणि १३ उपकर एका करात आणले, राज्यांच्या सीमेवरचे नाके उठले, ट्रक सुटले, ते या जुळवाजुळवीच्या जोरावरच. खिडकी रस्त्यावरून उठली आणि सर्व्हरवर गेली.

तर बाबांची सात बिलं लाल. भांड्यांवर तेव्हा १२ टक्के होते (२२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले). अडकलेली रक्कम १ लाख १४ हजार. आणि २०२४-२५ च्या बिलांची वजावट घ्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५. पण यादीचा हिशोब मागे मोजत गेलं तर खरी तारीख ११ नोव्हेंबर. आम्ही म्युझियममध्ये उभे होतो तेव्हा हातात दहा दिवस होते.

बाबांच्या सीएचा सल्ला सरळ होता. काकांचा माल बंद करा, पैसे पुढच्या बिलातून कापा, आणि "इमोशनल होऊ नका". मी जे सॉफ्टवेअर लिहितो तेही हाच सल्ला देतं. जुळत नसलेल्या बिलांचं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की सप्लायरच्या नावापुढे आपोआप लाल ठिपका येतो, आणि आमचे क्लायंट त्याचं पेमेंट थांबवतात. तो ठिपका कोणत्या आकड्याला लागावा यावर आम्ही एक पूर्ण स्प्रिंट मीटिंगा केल्या आहेत. त्या ठिपक्याच्या पलीकडे कोण बसलंय हे मला पहिल्यांदाच माहीत होतं. त्याचं घर माहीत होतं, पातेलं माहीत होतं.

जीएसटीच्या दालनात हा कर कसा आला याची दोन दशकांची कथा मांडलेली आहे. बाबांनी सगळं नीट वाचलं, हात मागे बांधून. मग म्हणाले, "ते मिठाचं कुंपण. त्यात काटे होते ना?"

"हो."

"आणि त्यातून जायला दरवाजे?"

"होते. चौक्या होत्या. कर भरून जायचं."

"मग ठीक. दरवाजा असला म्हणजे झालं. माणसानं दरवाजापर्यंत चालत गेलं पाहिजे, एवढंच."

मला वाटलं होतं ते सरकारला चार शब्द सुनावतील. तसं काही नाही. बाहेर येऊन आईशेजारी बसले, मांडवीवरून जाणाऱ्या कॅसिनोच्या बोटी बघितल्या, मला विचारलं, "राहिलेली बिलं आता दाखवता येतात का रे?"

येतात. ऑक्टोबरच्या यादीत मागची राहून गेलेली बिलं टाकता येतात. फक्त त्यावरचा कर भरावा लागतो, आणि उशिराचं व्याज वर्षाला १८ टक्क्यांनी. मी मोबाइलवर हिशोब केला. व्याज धरून १ लाख ३० हजारांच्या घरात.

"त्याच्याकडे नसतील," आई म्हणाली.

"नाहीतच," बाबा म्हणाले. "म्हणूनच तो फोन उचलून नाही राहिला."

पुढच्या रविवारी, ९ नोव्हेंबरला, मी, बाबा आणि माझा लॅपटॉप भंडाऱ्याला गेलो. साठेक किलोमीटर, सकाळी निघालो तर दीड तास. काका आम्हाला बघून उठून उभे राहिले आणि काही बोललेच नाहीत. काकूंनी चहा केला. त्या आता बऱ्या आहेत, हळूहळू चालतात. कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. रविवार असूनही एक भट्टी सुरू होती.

बाबांनी पिशवीतून चेकबुक काढलं. एक लाखाचा चेक, 'पुढच्या लग्नसराईच्या मालाचा ॲडव्हान्स' म्हणून. चेक वटायला वेळ लागेल म्हटल्यावर मीच मोबाइलवरून ट्रान्सफर केले आणि चेक परत पिशवीत गेला. उरलेले तीस हजार काकांनी भाच्याकडून मागवले. मी त्यांच्याच पोर्टलवर सात बिलं एकेक करून भरली. बिल नंबर, तारीख, बाबांचा जीएसटी नंबर, रक्कम. काका शेजारी बसून बिलबुकातून आकडे वाचून दाखवत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. ओटीपी आला. यादी गेली. चलन भरलं. चार वाजले होते.

हिशोब असा झाला. बाबांनी कराचे पैसे काकांना एकदा दिले होतेच. ते गेले औषधात. आता बाबांनी दुसऱ्यांदा पैसे दिले, म्हणजे काका कर भरू शकतील, म्हणजे बाबांना पहिल्या पैशांची वजावट मिळेल. हे मी कुठल्याही डेटाबेसमध्ये कुठल्या टेबलात लिहू? सीएला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माल आला नाही तर?"

तो प्रश्न मी परतीच्या वाटेवर बाबांना विचारला. ते म्हणाले, "तर एक लाख गेले. पण आत्ता नसते दिले तर एक लाख चौदा गेलेच होते, आणि माणूस पण गेला असता. चौदा हजारानं स्वस्त पडलं." व्यापाऱ्याचं गणित. मी ते दोन-तीनदा तपासून पाहिलं, कुठून मोडतं ते शोधलं. माझ्या मते मोडतं, कारण माल न येण्याची शक्यता त्यांनी शून्य धरली आहे. पण ती शून्य का धरली, हे २६ वर्षांच्या वहीत आहे, आणि ती वही मी वाचलेली नाही.

१४ नोव्हेंबरला यादी आली. सातही ओळी हिरव्या. अगदी स्वच्छ. एखाद्या मोठ्या कंपनीच्या बिलासारख्या.

मी आमच्या टीममध्ये एक प्रस्ताव मांडला आहे. लाल ठिपका लागण्याआधी सप्लायरला एक मेसेज जावा, त्याच्या भाषेत, की ही-ही बिलं राहिली आहेत, अमुक तारखेपर्यंत टाकता येतील. आणि क्लायंटच्या बाजूला एक बटण असावं, 'बोललो आहे, थांबा'. मॅनेजरनं बॅकलॉगमध्ये टाकलंय. बॅकलॉगमध्ये टाकणे म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी मी तो टिकट वर ओढतो, कुणीतरी खाली ढकलतं. बघू.

पणजीला गेलात तर निळी इमारत जरूर बघा. जुन्या सचिवालयाकडून, म्हणजे आदिलशहाच्या वाड्याकडून, नदीच्या काठाकाठानं चालत गेलं तरी लांब नाही. वेळ तेवढी आधी विचारून घ्या. तास-दीड तासात होतं. मिठाच्या दालनात घाई करू नका. आणि घरात कुणी दुकानदार असेल तर त्यांना सोबत न्या, ते पाट्यांपेक्षा जास्त सांगतील.

भंडाऱ्याचा माल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. बाबांनी एक बंडल सोडून वजन करून पाहिलं. चारशे ग्रॅम जास्तच भरलं.